अव्वांच्या ताटातली डाळ

आपल्या सीमाभागात माणूस भेटला की पहिला प्रश्न जेवणाचाच. मराठीत 'जेवण झालं काय?' आणि कन्नडात 'ऊट आत?' उत्तरही ठरलेले, 'झालं' किंवा 'आत'. मच्छेत आमच्या घरी हे दोन्ही प्रश्न रोज विचारले जातात, कारण माझ्या सासूबाई माहेरच्या गोकाककडच्या. घरात त्या मराठी बोलतात, पण देवाशी, मांजराशी आणि नातवंडांशी कन्नडच. म्हणून घरातच काय, अख्ख्या गल्लीत त्या 'अव्वा'. गेली वीस वर्षे मी त्यांना विचारत आले, "अव्वा, जेवलात?" आणि त्या म्हणत आल्या, "आत, आत." काय जेवलात, हे मात्र मी कधी विचारले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात अव्वा देवापुढून उठताना हात टेकू लागल्या. मग भिंत धरू लागल्या. पिठाचा डबा उचलेना. "वय झालं की गं आता," म्हणून त्या विषय उडवून लावत. बांगड्या मनगटावरून पार कोपराकडे सरकू लागल्या, तेव्हा आम्ही त्यांना शहरात डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, लघवी तपासली. साखर, थायरॉईड, मूत्रपिंड, यकृत, सगळे ठीक निघाले. डॉक्टरांनी त्यांचा दंड चाचपून पाहिला आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितले. ते काही जमेना. मग त्यांनी विचारले, "आजी, काल दिवसभरात काय काय खाल्लंत?"

अव्वांनी यादी सांगितली. भाकरी, भात, आमटी, चटणी, ताक, चहा.

"आमटीत डाळ किती होती?"

यावर अव्वा नुसत्या हसल्या आणि मी खाली पाहिले. उत्तर मला माहीत होते. आमच्याकडे सगळ्यांना वाढून झाले की पातेल्यात जे उरते त्यात गरम पाणी घालून आमटी 'वाढवली' जाते. ती वाढवलेली आमटी अव्वांची. कुणी तशी सक्ती केलेली नाही. घट्ट डाळ वाढायला गेले की त्याच ताटावर हात आडवा धरतात, "नंगऽ साकव्वा." मला पुरे. आणि आपणही दुसऱ्यांदा आग्रह करत नाही.

"आजींचे स्नायू झिजलेत," डॉक्टर म्हणाले. "पोट भरतंय, पण अंगाला जे लागतं ते मिळत नाही."

लेकीच्या पुस्तकातले कोष्टक

योगायोग असा की त्याच आठवड्यात माझी लेक पीयूच्या पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र घेऊन माझ्यापुढे बसली होती. दहावीपर्यंत तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, आता विज्ञान शाखेत सगळे इंग्रजीतून. आपल्या भागातल्या किती घरांत जून-जुलैमध्ये हेच चालू असते! "आई, प्रोटीन म्हणजेच प्रथिनं ना? आणि कार्बोहायड्रेट म्हणजे कर्बोदकं?" मी एम.ए. मराठीची. शब्द मला ठाऊक होते, पण त्या शब्दांमागची वस्तू कधी डोळ्यांपुढे आणली नव्हती. तिची कन्नड माध्यमातून आलेली मैत्रीण पेशीला 'जीवकोश' म्हणते, ते ऐकून मात्र मला फार बरे वाटले. कोश म्हणजे रेशमाच्या किड्याचे घर, आणि कोश म्हणजे शब्दांचे भांडारही. पेशीत हे दोन्ही असते, हे पुढे वाचताना कळत गेले.

त्या पुस्तकात एक छोटे कोष्टक आहे. जिवंत पेशी कशाकशाची बनलेली असते, त्याचे. शंभर भागांपैकी ७० ते ९० भाग पाणी. प्रथिने १० ते १५. न्यूक्लिइक आम्ले, म्हणजे डीएनए आणि त्याचे भाऊबंद, ५ ते ७. कर्बोदके ३. मेद म्हणजे स्निग्ध पदार्थ २. राहिलेला एक भाग क्षारांचा. ही झाली सरासरी. चरबीच्या पेशीत मेद भरपूर असणार, हे उघड आहे. पण सर्वसाधारण गोष्ट अशी की झाड असो, बैल असो की माणूस, पेशी या चार घराण्यांच्या रेणूंनीच उभी राहते, आणि पाणी सोडले तर त्यांत सगळ्यांत मोठा वाटा प्रथिनांचा.

मी ते कोष्टक पाहिले आणि मला अव्वांचे ताट आठवले. तिथे सगळे उलटे होते. भाकरी आणि भाताचा ढीग, प्रथिने पाण्यात विरघळलेली.

"पण आई, पेशीत कर्बोदकं तीनच टक्के, आणि आपण तर भाकरीच जास्त खातो. मग ते चूकच ना?" लेकीने विचारले. प्रश्न बरोबर होता. उत्तर आम्ही दोघींनी मिळून शोधले. घर बांधायला विटा लागतात आणि चूल पेटवायला लाकूड. वर्षभरात आपण गाडीभर लाकूड जाळतो, पण ते भिंतीत दिसत नाही, कारण ते जळून गेलेले असते. भाकरी हे बहुतांशी लाकूड आहे. ते भरपूर लागते, त्यात चूक नाही. पण भिंतीच्या विटाही रोज थोड्या थोड्या झिजतात. त्यांच्या जागी नव्या विटा बसवायच्या तर त्या लाकडाच्या करता येत नाहीत.

एकाच मण्याच्या दोन माळा

आधी हे लाकूडच पाहू. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदके असतात, मुख्यतः स्टार्च म्हणजे पिष्ट. पिष्ट ही ग्लुकोजच्या मण्यांची माळ. एका माळेत शेकडो, हजारो मणी. भाकरीचा घास न गिळता बराच वेळ चावत राहिले तर तो गोडसर लागतो. लाळेतला पाचकरस ती माळ तोडू लागतो, म्हणून ही गोडी येते.

आता गंमत पाहा. चिक्कोडी-निपाणीकडे ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्याने जाताना गाळून उरलेल्या चिपाडाचे डोंगर दिसतात. त्या चिपाडातला, शेतातल्या कडब्यातला, आपल्या सुती लुगड्यातला मुख्य रेणू म्हणजे सेल्युलोज. तोही ग्लुकोजच्याच मण्यांची माळ! फक्त मणी ओवण्याची तऱ्हा वेगळी. तेवढ्या फरकाने भाकरी आपल्याला पचते आणि कडबा पचत नाही. बैलाला पचतो, तोही स्वतःच्या बळावर नव्हे; त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ती माळ तोडून देतात. मणी तोच, ओवणी वेगळी, की वस्तूच वेगळी होते. जीवसृष्टीचा हा जणू नियमच आहे.

आपण खाल्लेले ग्लुकोज लगेच लागले नाही तर यकृतात आणि स्नायूंत थोडे साठवले जाते. ती साठवण फार तर दिवसभराची. त्याहून जास्त झाले की शरीर त्याची चरबी करून ठेवते.

तूप आणि तुप्प

दुसरे घराणे स्निग्ध पदार्थांचे. मराठीतले तूप आणि कन्नडातले तुप्प हे शब्द तर एकमेकांच्या घरी जेवूनच मोठे झालेले. चरबीबाबत दोन्ही भाषांचा स्वभावही एकच. कुणी माजला की मराठी माणूस म्हणतो, 'चरबी चढलीय.' कन्नड माणूस म्हणतो, 'कोब्बु बंदैती.' दोन्ही भाषांनी बिचाऱ्या मेदाला बदनाम करून ठेवले आहे.

खरे तर मेदाशिवाय पेशीच उभी राहणार नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, हे आपण रोज बघतो. पेशीने याच गुणाचा उपयोग करून घेतला. तिच्या भोवतीचे कुंपण मेदाच्या रेणूंचे असते. या रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि शेपटी पाण्यापासून दूर पळते. मग ते आपोआप दोन ओळींत उभे राहतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. या कुंपणाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी असे म्हटले तर कुणाच्या लक्षात येणार नाही. एवढेच सांगते की एका मिलिमीटरच्या जाडीत अशी सुमारे दोन लाख कुंपणे मावतील. आत-बाहेरचा भेद या एवढ्याशा पडद्यामुळे टिकतो.

मेदाचे दुसरे काम साठवणीचे. एक ग्रॅम कर्बोदकातून किंवा प्रथिनातून ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम मेदातून ९. थोड्या जागेत जास्त सरपण. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे मेदातच विरघळतात. वरणावर तुपाची धार धरणाऱ्या आपल्या आज्या अडाणी नव्हत्या. धार आणि वाटी यांतला फरक मात्र त्यांनाही ठाऊक होता.

खिळे कमी पडले तर

तिसरे घराणे प्रथिनांचे. यांचा थाट पहिल्या दोन्हींहून वेगळा. पिष्टाच्या माळेत एकाच जातीचे मणी असतात. प्रथिनाच्या माळेत २० प्रकारची अमिनो आम्ले, आणि त्यांचा क्रम ठरलेला. म्हणजे ही माळ नव्हे, लिहिलेले वाक्यच. क्रमानुसार ती माळ स्वतःभोवती वळते, दुमडते आणि तिला आकार येतो. त्या आकारावर तिचे काम ठरते. रक्तात प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन. साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिनही प्रथिनच, अवघ्या ५१ अमिनो आम्लांचे. पाचकरस प्रथिनांचे, रोगजंतूंशी लढणारे प्रतिपिंड प्रथिनांचे, आणि अव्वांना देवापुढून उठवणारे मांडीचे स्नायूही पाणी वगळता मुख्यतः प्रथिनांचेच.

हा आकार बिघडतो कसा, तेही आपण स्वयंपाकघरात रोज बघतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो, कारण उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांत गुंततात. विरजण लावल्यावर दुधात आम्ल तयार होते आणि केसीन हे दुधातले प्रथिन गोठून दही होते. बेळगावचा कुंदा आटवताना जो तपकिरी रंग चढतो आणि घरभर खमंग वास सुटतो, तो तापत्या कढईत दुधातली प्रथिने आणि साखर यांच्या संयोगाचा.

या २० अमिनो आम्लांपैकी ९ आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवून मजकूर उभा करत, ते अनेकांना आठवत असेल. बाकी सगळी अक्षरे ढिगाने असली आणि 'र'चे खिळे संपले, तर पान अडून राही. तसेच इथे होते. ज्वारी, तांदूळ, गहू यांत लायसिन नावाचा खिळा कमी. डाळी-कडधान्यांत तो भरपूर, पण त्यांत मेथिओनिन कमी, आणि ते धान्यात पुरेसे. म्हणून झुणका-भाकर, वरण-भात, जोळद रोट्टी आणि हेसरकाळ पल्ल्या या जोड्या नुसत्या चवीच्या नव्हेत. एकीची उणीव दुसरी भरून काढते. मूग, मटकी भिजवून मोड आणून शिजवण्यालाही अर्थ आहे. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. भिजवल्याने आणि मोड आणल्याने ती कमी होतात, नीट शिजवल्याने बरीचशी निकामी होतात.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. पिष्टाची थोडी साठवण होते, मेदाची हवी तेवढी होते. प्रथिनांचे मात्र शरीरात असे कोठारच नाही. रोजच्या दुरुस्तीला अन्नातून प्रथिने कमी पडली, की शरीर स्वतःचे स्नायू मोडून अमिनो आम्ले काढते. हृदय चालू राहिले पाहिजे, रक्त तयार झाले पाहिजे, म्हणून दंड आणि मांड्या खर्ची पडतात. अव्वांच्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या त्या यामुळे. उतारवयात स्नायू तसेही झिजतात. त्यात खुराक कमी पडला की झीज वेगाने होते. घरात कुणाला कमी पडू नये म्हणून त्या डाळ सोडत होत्या, आणि इकडे त्यांचे शरीर त्यांचेच स्नायू वाढून घेत होते.

घरातली जुनी वही

चौथे घराणे न्यूक्लिइक आम्लांचे, डीएनए आणि आरएनए यांचे. प्रथिनांतला अमिनो आम्लांचा क्रम कोण ठरवतो? डीएनए. त्याची लिपी चारच अक्षरांची, आणि तीन-तीन अक्षरांच्या एकेका शब्दाने एकेक अमिनो आम्ल सांगितले जाते. सासूकडून सुनेकडे येणाऱ्या पाककृतींच्या वहीसारखे हे आहे. मूळ वही पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेली. लागेल तेवढीच कृती आरएनएच्या कागदावर उतरवून बाहेर पाठवायची आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार करायचे.

डीएनए आपण रोज खातो. भाजीत, डाळीत, केळ्यात, सगळ्यांत पेशी असतात, म्हणून डीएनएही असतो. पण तो पोटात तुटून जातो आणि शरीर आपला डीएनए आपणच बांधते. म्हणून केळे खाऊन कुणी केळे होत नाही. ही वही मात्र कितीही उत्तम असली, तरी डब्यात डाळच नसेल तर वरण होत नाही. अव्वांच्या वहीत स्नायूंची कृती शाबूत होती. सामान संपले होते.

बेंगळूरच्या दारातली मुलगी

आपल्या डाळीत, दुधात नेमकी कोणती प्रथिने आहेत, हा प्रश्न ज्यांनी प्रयोगशाळेत नेला, त्यांत एक मराठी मुलगी होती. आणि ते काम तिने सुमारे नव्वद वर्षांपूर्वी बेंगळूरला केले. ती म्हणजे कमला भागवत, लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा म्हणून दुर्गाबाई आपल्या वाचकांना परिचित आहेत. त्यांनी 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तक लिहिले, हेही अनेकांना ठाऊक असेल. एका बहिणीने पदार्थांवर लिहिले आणि दुसरीने त्यांच्यातले रेणू मोजले.

कमलाबाईंचा जन्म १९११ चा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बेंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेतच शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी मिळवून कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, १९३० चे नोबेल मिळालेले. त्यांनी मुलगी म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाई बेंगळूरला गेल्या आणि त्यांच्या कार्यालयाच्या दारात सत्याग्रहाला बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करायचे, आणि त्यांच्यामुळे इतर संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. पण वर्षभरात त्यांच्या कामाने रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार पुढे इतर मुलींनाही उघडले.

तिथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या. पुढे केंब्रिजला सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात गेल्या. हे हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे. खिळे संपले की पान अडते, ही गोष्ट प्रयोगाने दाखवणाऱ्यांतही ते होते. मक्यातल्या झेन या एकाच प्रथिनावर ठेवलेले उंदीर जगत नाहीत, कारण त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नसते, असे त्यांनी १९०६ च्या सुमारास दाखवले होते.

केंब्रिजला कमलाबाईंनी बटाट्यावर काम करून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असते, हे दाखवले. पेशीच्या श्वसनात भाग घेणारे हे एक प्रथिन. माणसाच्या सायटोक्रोम सीमध्ये १०४ अमिनो आम्ले असतात आणि चिंपांझीचे तर अक्षरशः तेच असते. बटाटा, गहू, यीस्ट यांच्यात थोडी अक्षरे बदलतात, पण वाक्य ओळखू येते. आमच्या घरात एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडात सांगितली जाते, तसेच काहीसे. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांच्या आसपास होता. १९३९ मध्ये त्या पीएच.डी. घेऊन परतल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

परतल्यावर त्यांनी दिल्लीला लेडी हार्डिंग महाविद्यालयात, नंतर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईत आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी गरिबांच्या ताटातल्या पदार्थांवरच संशोधन केले. कडधान्यांची प्रथिने, त्यांच्या पचनात येणारे अडथळे, आणि ताडी-माडीच्या झाडाची ताजी नीरा. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे ग्राहक चळवळीत राहून त्यांनी अन्नाच्या सुरक्षिततेवर लिहिले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मला त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट विशेष वाटते. ज्या मुलीला दारात 'जागा नाही' असे सांगितले गेले, तिने आयुष्यभर हेच पाहिले की कुणाच्या ताटात काय पोचत नाही.

वाटीचा हिशेब

डॉक्टरांकडून आल्यावर लेकीने वही काढली. अव्वांचे वजन ४८ किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे अव्वांना किमान ४० ग्रॅम. वय झालेल्यांना थोडी जास्तच हवीत, असे आमच्या डॉक्टरांचे सांगणे.

आता त्यांचे ताट. दिवसाला दोन भाकऱ्या, १२ ग्रॅम. वाटीभर भात, ४ ग्रॅम. दोन वेळच्या चहातले दूध, ३ ग्रॅम. वाढवलेली आमटी, ३ ग्रॅम. भाजी, चटणी आणि पाणीदार ताक मिळून फार तर ३ ग्रॅम. बेरीज २५. रोज १५ ग्रॅमची तूट, आणि ती एक दिवसाची नव्हे, कित्येक वर्षांची.

ही तूट भरायला महागडी पावडर आणली नाही. कोरड्या डाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, ६ ते ७ ग्रॅम. वाटीभर दही, ३ ग्रॅम. अव्वांना दाढा नाहीत, म्हणून शेंगदाण्याचे कूट, ३० ग्रॅमला ७ ग्रॅम. झाले! शेंगा चटणी आणि दही तर त्यांच्या माहेरचेच. ज्यांना चालते त्यांना एका अंड्यातून ६-७ ग्रॅम मिळतात. सरकारी शाळांत मुलांना दूध आणि अंडे देण्यामागचा हिशेबही हाच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. आणि नुसते खाऊन स्नायू येत नाहीत, त्यांना काम द्यावे लागते. अव्वा आता सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून दहा वेळा उठबस करतात. मोजायला नातवंडे असतात, कन्नडातून.

डाळ घरात होतीच. बदलायचा होता तो वाढण्याचा क्रम. आता शिजलेल्या वरणातली घट्ट वाटी आधी अव्वांची काढून ठेवतो. पहिले काही दिवस त्या ती वाटी गुपचूप नातवाच्या ताटात रिकामी करायच्या. मग लेकीने त्यांच्या शेजारी बसून पुस्तकातले ते कोष्टक त्यांना कन्नडात समजावले. अव्वा सगळे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मी नाही खाल्लं तर माझं अंगच मला खातंय म्हण की." इतक्या थोड्या शब्दांत मला ते सांगता आले नसते.

सहा महिन्यांत अव्वांचे वजन दोन किलोंनी वाढले. उठताना भिंत अजून लागते, पण जमिनीला हात टेकावा लागत नाही. बांगड्या पुन्हा मनगटाजवळ आल्या आहेत.

परवा रात्री सगळ्यांची जेवणे झाली. पातेल्यात तळाशी थोडे वरण उरले होते आणि मी सवयीने गरम पाण्याचे भांडे हातात घेतले होते. लेक मागे उभी होती. ती म्हणाली, "आई, आता तुझ्या वाटीत पाणी घालतीयेस होय?" मी भांडे खाली ठेवले. त्या क्षणी लक्षात आले, अव्वांनंतर ती वाढवलेली आमटी माझी होणार होती, आणि माझ्यानंतर, कुणी काही न बोलता, तिची. डीएनएच्या वहीत असे काही लिहिलेले नसते. ते आपणच एकमेकींना शिकवतो, म्हणून ते आपल्याला मोडताही येते.

आता आमच्याकडे रात्री प्रश्न थोडा बदलला आहे. 'जेवलात काय' असे विचारून आम्ही थांबत नाही. 'काय जेवलात?' असेही विचारतो. तुमच्या घरी आज शेवटी कोण जेवले, आणि त्यांच्या वाटीत डाळ किती होती, एवढे एकदा बघा.